यंत्राची पूजा आणि यंत्राची ओळख

आश्विनातील खंडेनवमीस आपल्याकडे हत्यारांची पूजा होते. सुतार आपला रंधा व पटाशी पुसून मांडतो, लोहार ऐरणीस कुंकू लावतो, शेतकरी नांगरापुढे हात जोडतो. या पूजेत एक गोष्ट गृहीत धरलेली असते, ती ही की, पूजा करणारा आपल्या हत्यारास ओळखतो. रंध्याचे पाते बोथट झाले आहे की नीट बसलेले नाही, हे सुतारास हाताच्या स्पर्शाने कळते. त्याची कृतज्ञता या ओळखीतून आलेली असते. अलीकडे त्याच दिवशी पेढ्यांतून, दुकानांतून आणि देवस्थानांच्या कचेऱ्यांतून संगणकासही हळदकुंकू लागते. त्यात गैर काही नाही. पोटापाण्याच्या साधनास नमस्कार करणे ही आपली रीतच आहे. परंतु ज्या वस्तूच्या पोटात काय चालते हे आपणांस मुळीच ठाऊक नाही, तिच्यापुढे हात जोडताना मनात कृतज्ञता असते की नुसता धाक असतो, हा प्रश्न आम्हांस विचारण्याजोगा वाटतो.

या प्रश्नावर थोडा प्रकाश पाडील असा एक छंद आहे. जगात आज काही माणसे जुन्या धाटणीचे लहानसे संगणक स्वतःच्या हातांनी जुळवतात. त्यांतील एक प्रसिद्ध नमुना म्हणजे इंग्लंडमधील स्पेन्सर ओवेन यांचा ‘आरसी २०१४’. जुन्या संगणकांच्या रसिकांच्या २०१४ सालच्या एका उपक्रमासाठी तो तयार झाला व त्यावरूनच त्याचे नाव पडले. त्याची रचना सुट्या अंगांची आहे. एक लांबट पट्टी, तिच्यात ओळीने खाचा. एका खाचेत गणित करणाऱ्या झेड-८० चिपचा बोर्ड उभा करावयाचा, दुसऱ्या खाचेत कायमच्या स्मृतीचा, तिसऱ्या खाचेत तात्पुरत्या स्मृतीचा, चौथ्या खाचेत ठोके देणाऱ्या घड्याळाचा आणि पाचव्या खाचेत बाहेरच्या जगाशी बोलणारा. प्रत्येक बोर्डावरील प्रत्येक भाग आपल्या हाताने कथिलाचा डाग देऊन बसवावा लागतो. तात्पुरती स्मृती अवघ्या ३२,७६८ अक्षरांची. घड्याळाचे ठोके सेकंदास ७३,७२,८००. हा आकडा प्रथम विचित्र वाटतो. पण त्यास ६४ ने भागले की १,१५,२०० येतात, आणि बाहेर संदेश पाठवण्याचा ठरलेला वेग सेकंदास तेवढेच बिट असा आहे. या यंत्रात उगाच घातलेले असे काही नाही. जे आहे त्याचे कारण विचारता येते आणि उत्तरही मिळते.

यावर व्यवहारी मनुष्य म्हणेल की, खिशातील दूरध्वनी याहून हजारो पटींनी समर्थ असताना हा खटाटोप कशाला? आक्षेप खोटा नाही. १९७५ च्या जानेवारीत अमेरिकेतील ‘पॉप्युलर इलेक्ट्रॉनिक्स’ मासिकाने अल्टेअर ८८०० या घरी जुळवण्याच्या संगणकाची ओळख करून दिली, तेव्हा सामान्य मनुष्यास स्वतःचा संगणक हवा तर तो जुळवण्यावाचून फारसा मार्गच नव्हता. त्याच वर्षी ५ मार्च रोजी कॅलिफोर्नियातील मेन्लो पार्क गावी एका घराच्या गॅरेजमध्ये ‘होमब्रू कॉम्प्युटर क्लब’ची पहिली बैठक भरली. तीस स्टीव्ह वॉझ्नियाक हजर होते, आणि त्यांचा ॲपल-१ पुढच्याच वर्षी विक्रीस आला. त्या लोकांस गरज होती. आजच्या छंदिष्टास ती नाही. तथापि मोटार पंढरपुरापर्यंत जाते हे ठाऊक असूनही वारकरी पायी चालतो, आणि त्याने वेळ फुकट घालवला असे आपण म्हणत नाही. वारीशी या छंदाची बरोबरी करण्याचे धाडस आम्ही करणार नाही. पोहोचण्याचे फळ निराळे आणि चालण्याचे निराळे, एवढेच यातून घ्यावयाचे.

या चालण्याचे फळ कोणते? जुळवलेले यंत्र पहिल्या खेपेस चालेलच असे नाही. तेव्हा ‘यंत्र बिघडले’ एवढे म्हणून भागत नाही. एकेक बोर्ड काढून, तपासून, पुन्हा खोचून दोष नेमका कोठे आहे हे शोधावे लागते, आणि बहुधा तो आपल्याच हातच्या एखाद्या कच्च्या डागात सापडतो. दुसरी शिकवण अशी की, सर्व बोर्डांत मिळून माहितीच्या आठच तारा असतात. त्यांवर एका वेळी एकानेच बोलावयाचे. इतरांनी तारा मोकळ्या सोडून गप्प राहावयाचे. दोघे एकदम बोलले तर अर्थाचा अनर्थ होतो. तिसरी शिकवण सर्वांत मोलाची. चिपचा एखादा पाय कशालाच न जोडता तसाच सोडला, तर यंत्र तेथे कधी शून्य वाचते, कधी एक. त्यास स्वतःचे मत नाही. जे मनुष्याने ठरवून दिले नाही, ते यंत्र शहाणपणाने ठरवीत नाही.

ही तिसरी गोष्ट ज्यास हाताने कळली, त्याची दृष्टी कचेरीच्या खिडकीपाशीही बदलते. एखाद्या वृद्धाचे निवृत्तिवेतन अडते, एखाद्या विधवेच्या नावात अक्षराची चूक राहते, आणि खिडकीमागून उत्तर येते, ‘संगणक घेत नाही.’ या वाक्यात कर्ता संगणक आहे, आणि म्हणून मनुष्य मोकळा झाला आहे. ऐकणाराही मान खाली घालून परत फिरतो, जणू कोणी कौल नाकारला. वस्तुतः संगणक काही घेत नाही आणि काही नाकारतही नाही. कोणीतरी एक अट लिहिली, कोणीतरी ती मान्य केली, आणि ती बदलण्याचा अधिकार कोणास तरी आहे. देवास आपण अगम्य म्हणतो, ते आपल्या बुद्धीची मर्यादा ओळखून. यंत्र माणसांनी केलेले आहे; त्यास अगम्य म्हणणे ही नम्रता नसून जबाबदारीतून सुटण्याची वाट आहे. देवापुढे वाहावयाची शरणागती यंत्रापुढे वाहिली, तर तिचा लाभ यंत्रामागे दडलेल्या मनुष्यास मिळतो.

मात्र या छंदास अहंकाराची बाधाही होऊ शकते. ‘हा संगणक मी केला’ असे म्हणणाऱ्याने झेड-८० केलेला नसतो. फेदेरिको फॅजिन यांच्या झायलॉग कंपनीने १९७६ साली आणलेल्या त्या नखाएवढ्या तुकड्यात सुमारे ८,५०० ट्रान्झिस्टर आहेत. ते कोणाच्या घरी कथिलाने बसत नाहीत. एप्रिल २०२४ मध्ये कंपनीने ही मूळ धाटणीची चिप बंद करीत असल्याचे जाहीर केले आणि १४ जून २०२४ पर्यंतच्याच मागण्या स्वीकारल्या. तेव्हापासून छंदिष्टांचा भार मुख्यतः शिल्लक साठ्यावर व जुन्या यंत्रांतून काढलेल्या चिपांवर आहे. ‘माझे’ म्हणण्याची हद्द कोठे संपते, हे इतक्या स्पष्टपणे क्वचितच कळते. आपले ज्ञान कोठवर आहे आणि कोठून पुढे दुसऱ्याचा आधार आहे, हे प्रामाणिकपणे सांगता येणे हेही ज्ञानच होय.

उरला प्रश्न कर्तव्याचा. प्रत्येकाने घरी संगणक जुळवावा काय? आमचे उत्तर नाही असेच आहे. पैसा लागतो, डोळे शिणतात, आणि घरच्या आजाऱ्याची शुश्रूषा सोडून कोणी या नादी लागेल तर तो दोषास पात्र आहे. परंतु गावात प्रत्येकास पंचांग करता येत नसले तरी तिथी पडताळून सांगणारा एखादा तरी असावा लागतो. तो असला म्हणजे चुकीची तिथी कोणी दडपून सांगू शकत नाही. तशी प्रत्येक समाजात यंत्राचे झाकण उघडून पाहिलेली काही माणसे हवीत. ‘संगणक घेत नाही’ हे उत्तर मिळताच ती शांतपणे विचारतील, ‘ही अट कोणी घातली?’ असा एखादा मुलगा किंवा मुलगी आपल्या घरात टेबलावर तारा पसरून बसलेली दिसली, तर तिला रिकामटेकडी म्हणण्यापूर्वी थोडे थांबावे, अशी आमची वाचकांस विनंती आहे.