दूरदृष्टी कोणाच्या पदरची?

राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांस आली म्हणजे इशारा, ४३ फुटांस धोका, हे कोल्हापुरात पोरासोरांसही ठाऊक आहे. तरी २०१९ व २०२१ साली पाणी ५५ फुटांपलीकडे गेले, तेव्हा हाहाकार चुकला नाही. अर्थात् उणीव ज्ञानाची नव्हे. शहरातील सुशिक्षित पूररेषेच्या आत भराव घालून घरे बांधतो. हटलेले पाणी शेजाऱ्याच्या उंबऱ्यात शिरते. १९८९ च्या महापुरानंतर प्रयाग चिखलीकरांस सोनतळी येथे जागा मिळाल्या, पण पुष्कळांनी गाव सोडले नाही. त्यांस अदूरदर्शी म्हणावयास मात्र आमची जीभ रेटत नाही. शेत नदीकाठी ठेवून निजावयास तेवढे वर जा, असे सांगावयाचे तर आधी गुरांची व वैरणीची सोय सांगावी लागेल.