शेंड्यापाशी थोडा वेळ

मांडवाखाली बसा.

तलासरीकडच्या एखाद्या पाड्यावर, घराच्या मागच्या अंगाला. श्रावणातली दुपार आहे. पावसाने जरा उघडीप दिली आहे. बांबूच्या काठ्यांवरून अजून थेंब पडताहेत.

जमीन ओली आहे. कपड्यांना माती लागेल. लागू द्या.

लांबून महामार्गाचा आवाज येतो. अच्छाडच्या नाक्याकडे निघालेले ट्रक. हा आवाज काही थांबायचा नाही. त्याला येऊ द्या, जाऊ द्या.

समोर दुधीची वेल आहे. तिच्याकडे बघा.

शेजारच्या डहाणूचं नाव निघालं की लोकांना चिकू आठवतो. घोलवडच्या चिकूला भौगोलिक मानांकनही आहे. पण चिकूचं झाड आपल्या आपण घेरदार वाढतं, त्याला फारसं वळण लावावं लागत नाही. दुधीला लावावं लागतं. म्हणून आज आपण दुधीपाशी बसलो आहोत.

श्वास घ्या. हळू.

ओल्या मातीचा वास येतो. त्यात आणखी एक वास आहे, जरा उग्र. तो पानांचा. एक पान चिमटीत धरा. मऊ लागतं. अंगभर बारीक लव आहे.

बोट देठावरून पानापर्यंत न्या. देठ पानाला मिळतो तिथे दोन बारीक गाठी आहेत, नीट बघितल्याशिवाय दिसत नाहीत. बघा. तिथे एक मुंगी आली आहे. ती तिच्या कामात आहे.

श्वास सोडा.

आता शेंडा शोधा.

वेलीचं शेवटचं वीतभर. फिकट हिरवं, लवेमुळे पांढुरकं, किंचित वाकलेलं. पुढे काही नाही. नुसती हवा.

बघत राहा. शेंडा हलत नाही असंच वाटतं.

पण तो हलतो आहे.

१८६३ साली चार्ल्स डार्विन आजारी होता, इंग्लंडमधल्या आपल्या घरी. बाहेर फारसं पडता येत नव्हतं. खोलीत एक रानकाकडीची वेल होती. तो तिच्या शेंड्याकडे बघत बसला, आणि शेंडा दीड-दोन तासांत हवेत एक गोल फेरी मारतो हे त्याने टिपून ठेवलं. वेलींच्या हालचालींवर त्याने १८६५ साली मोठा निबंध लिहिला. एका शेंड्याकडे एवढा वेळ बघायला माणसाला आजारपण लागावं, याची मला गंमत वाटते.

तुमच्याकडे दोन तास नसतील. दहा श्वास असतील.

तेवढे घ्या. शेंड्याकडे बघतच घ्या.

आता शेंड्याच्या जरा मागे या. पानाच्या बगलेतून एक तणावा निघाला आहे. दुधीचा तणावा दोन फाट्यांचा असतो. एक फाटा अजून सरळ आहे, हवेत चाचपडतो आहे. दुसऱ्याला काठी लागली आहे. त्याच्या टोकाने काठीला वेढा घातला आहे.

त्या दुसऱ्या फाट्याकडे बघा. जवळून.

काठी आणि वेल यांच्या मधला भाग स्प्रिंगसारखा वळला आहे. नजरेनेच एकेक वळण मोजत जा. मध्ये कुठेतरी एक छोटा सरळ तुकडा येतो. तिथे थांबा.

त्याच्या अलीकडची वळणं एका बाजूला आहेत, पलीकडची उलट बाजूला. दोन्ही टोकं बांधलेली, त्यामुळे एकाच बाजूला पीळ घालत जाता येत नाही. तणाव्याने मध्येच दिशा बदलली, आणि वेल कुठे ताणली गेली नाही. वारा आला की स्प्रिंग लांबते. वारा गेला की आखडते.

वारा येईपर्यंत बसा.

आता हात.

एक फांदी मांडव सोडून भलतीकडे, कुडाच्या बाजूला निघाली आहे. तिला वळवायचं आहे. लगेच नको. आधी तिच्याखाली तळहात धरा. तिचं वजन हातात येऊ द्या.

खोड पोकळ आहे, अंगावर कंगोरे आहेत. अंगठा बाहेरच्या बाजूला ठेवा. थोडं वाकवा. कुठे अडतं ते बोटांना कळतं. अडलं की थांबा. एक श्वास. मग आणखी थोडं.

जेवढी वळली तेवढी पुरे. बाकीचं उद्या.

केळीचं वाळकं सोपट भिजवून घ्या. काठीला एक वेढा, वेलीला एक वेढा, मध्ये पीळ. इंग्रजी आठाच्या आकड्यासारखा. वेलीच्या बाजूला एक बोट आरामात जाईल एवढी जागा ठेवा. वेल जाड होणार आहे. आज घट्ट बांधलेली गाठ महिन्याभरात खोडात रुतते.

बोट घालून बघा. जातं ना?

मग हात काढून घ्या.

वेल मांडवावर पोचली की शेंडा खुडतात. नखाने, चिमटीत धरून. टक् असा बारीक आवाज होतो. शेंड्यातून ऑक्झिन नावाचं एक द्रव्य खाली उतरत असतं, आणि ते बाजूच्या डोळ्यांना झोपवून ठेवतं. शेंडा गेला की ते डोळे जागे होतात. बगलेतून फांद्या फुटतात, मांडवभर पसरतात. दुधीची मादी फुलं या बाजूच्या फांद्यांवर जास्त येतात.

त्यातलं एक फूल शोधा.

आत्ता मिटलेलं असेल. दुधीचं फूल पांढरं, संध्याकाळी उमलतं. पाकळ्यांच्या खाली बघा. बोटाच्या पेराएवढा दुधी आधीच तिथे आहे, लवेसकट. हात लावू नका. नुसतं बघा.

तो मांडवातून खाली लोंबेल. काठीला टेकला तर वाकडा होतो, मोकळा लोंबला तर सरळ वाढतो. कोवळा असताना भाजीला जातो. पण एखादा मुद्दाम ठेवतात. वेल वाळते, साल कडक होते, आतल्या बिया वाजायला लागतात. मग तो उतरवतात, कोरतात, बांबूच्या नळ्या बसवतात, मेणाने सांधे बुजवतात, पुढे ताडाच्या पानांचा कर्णा जोडतात. वारली घरातला तारपा, फुंकून वाजवायचं वाद्य, असा होतो. आज ज्या फळाला तुम्ही हात लावला नाही, त्याच्यात उद्या कुणाचा तरी श्वास फिरेल.

तुमचा श्वास बघा. आत. बाहेर.

एवढंच.

उठायची घाई नाही. मांडवातून ऊन खाली आलं आहे. ते तुमच्या हातावर पडलं असेल तर पडू द्या. ट्रक चालूच आहेत.

घरी एखाद्या कुंडीत कारल्याची, दोडक्याची, कुठलीही वेल असेल तर उद्या तिच्यापाशी असंच बसा. आधी बघा, हात नंतर. आणि वाकवायचीच असेल तर दुपारी वाकवा. सकाळी ती पाण्याने टच्च भरलेली असते, मोडते.