चरबीचा सांगावा

जाड माणसाला सल्ला द्यायला आपल्याकडे कुणाला परवानगी लागत नाही. पंगतीत त्यानं दुसऱ्यांदा जिलेबी घेतली की शेजारचा म्हणतो, "तोंडावर जरा ताबा ठेवा." बोलणाऱ्याच्या मनात वाईट नसतं. खाणं ही सर्वस्वी माणसाच्या मर्जीतली गोष्ट आहे, एवढंच तो धरून चालतो. विसाव्या शतकाचा बराच काळ वैद्यकशास्त्रातही हीच समजूत पक्की होती, आणि तिला तडा जायला फार वेळ लागला.

1912 साली वॉल्टर कॅनन आणि वॉशबर्न भुकेचं मूळ पोटात शोधत होते. वॉशबर्ननं रबरी फुगा गिळला, आणि जठर आकुंचन पावतं त्याच वेळी भूक जाणवते असं दोघांनी दाखवून दिलं. पण जठर काढून टाकलेल्या माणसांनाही भूक लागतेच. 1940 मध्ये शिकागोत हेदरिंग्टन आणि रॅन्सन यांनी उंदरांच्या मेंदूच्या तळाशी, हायपोथॅलॅमसमध्ये, नेमक्या जागी इजा केली. ते उंदीर बेसुमार लठ्ठ झाले. 1951 मध्ये येल विद्यापीठात बालकृष्ण आनंद यांनी जॉन ब्रोबेक यांच्यासोबत हायपोथॅलॅमसच्या कडेच्या भागाला दोन्ही बाजूंनी इजा केली, तर उंदीर समोर अन्न असूनही खाईनासे झाले. हे आनंद पुढे दिल्लीच्या एम्समध्ये शरीरक्रियाशास्त्राचे पहिले विभागप्रमुख झाले. भुकेच्या शास्त्राच्या पायात एका भारतीयाचं इतकं काम आहे, हे आपल्या शाळेतल्या मुलांना कळायला हवं.

भूक मेंदू चालवतो, इथवर आलं. पण अंगात साठा किती आहे हे मेंदूला कळतं कसं? माझ्या मते या सगळ्या कथेतला सर्वांत मोलाचा प्रश्न हा. दिवसाला 2,000 कॅलरी धरल्या तर वर्षाच्या 7,30,000 होतात. किलोभर चरबीत साधारण 7,700 कॅलरी असतात. म्हणजे खाण्यात आणि खर्चात नुसती एका टक्क्याची तफावत राहिली, तरी कागदावरच्या हिशेबानं वर्षाला जवळजवळ किलोभर वजन इकडचं तिकडे व्हायला हवं. इतका बारीक हिशेब जाणूनबुजून ठेवणं कुणालाच शक्य नाही. तरीही पुष्कळांचं वजन वर्षानुवर्षं फारसं हलत नाही. 1953 मध्ये गॉर्डन केनेडी यांनी तर्क मांडला, की चरबीच आपला साठा मेंदूला कळवत असावी.

त्याला पुरावा मिळाला तो अंगाला अंग शिवून जोडलेल्या उंदरांतून. अशा जोडीत एकाचं रक्त थोडं थोडं दुसऱ्यात जातं. हर्वे यांनी 1959 मध्ये एकाच्या हायपोथॅलॅमसला इजा केली. तो फुगत गेला, आणि जोडीदार अन्न टाकून वाळत गेला. पुढे अमेरिकेत मेन राज्यातल्या जॅक्सन प्रयोगशाळेत डग्लस कोलमन यांनी आनुवंशिक लठ्ठपणा असलेल्या उंदरांचे दोन वाण घेतले, 'ओबी' आणि 'डीबी'. डीबीला साध्या उंदराशी जोडलं, तर साधा उंदीर उपासमारीनं मेला. डीबीला ओबीशी जोडलं, तर मेला तो ओबी, आणि डीबी मात्र वाढतच राहिला. ओबीला साध्या उंदराशी जोडल्यावर ओबीचं खाणं कमी झालं. कोलमन यांनी अर्थ लावला: पोटभर आहे हा सांगावा ओबीच्या शरीरात तयारच होत नाही, पण आला तर त्याला कळतो, डीबीत तो उदंड तयार होतो, पण त्याला कळत नाही. लठ्ठपणा हा वागण्यातला दोष आहे असं मानणाऱ्या अनेकांना हे पटेना, आणि हा सांगावा नेणारा रेणू हाती लागत नव्हता.

लागला तो 1994 मध्ये, न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात जेफ्री फ्रीडमन यांच्या गटाला. चरबीच्याच पेशींत बनणाऱ्या या हार्मोनला लेप्टिन हे नाव मिळालं. तोवर निव्वळ कोठार समजली जाणारी चरबी आता ग्रंथींच्या पंक्तीला येऊन बसली. 1997 मध्ये केंब्रिजच्या डॉक्टरांनी दोन चुलत भावंडांची हकिकत प्रसिद्ध केली: आठ वर्षांच्या मुलीचं वजन 86 किलो, दोन वर्षांच्या मुलाचं 29 किलो. दोघांच्याही शरीरात लेप्टिन तयार होत नव्हतं. त्या मुलीला लेप्टिनची इंजेक्शनं सुरू केल्यावर तिची भूक आटोक्यात आली आणि वजन उतरू लागलं. तिला शिस्त लावण्यात घरचे कमी पडले, असं त्याआधी किती जण म्हणाले असतील, या विचारानं मला आजही वाईट वाटतं.

बाकीच्यांना मात्र लेप्टिननं हात दिला नाही. बहुतेक लठ्ठ माणसांच्या रक्तात ते मुळातच भरपूर असतं. मेंदू त्याला दाद देत नाही. हळूहळू उमगलं, की या यंत्रणेचं मुख्य काम जाडी रोखण्याचं नाहीच. लेप्टिन घसरलं की मेंदूला दुष्काळाची वर्दी जाते. भूक वाढते, शरीर खर्चाला कात्री लावतं. वजन 10 टक्क्यांनी उतरवलेल्यांचा ऊर्जाखर्च, घटलेल्या देहाच्या मानानं अपेक्षित असतो त्याहूनही खाली जातो, हे 1995 मध्ये मोजून झालं आहे. डाएट करून उतरवलेलं वजन परत चढतं, तेव्हा त्या माणसाचं शरीर त्याच्या निश्चयाविरुद्ध रात्रंदिवस काम करत असतं.

आतड्यातल्या जीएलपी-1 या हार्मोनच्या धर्तीवर बनवलेली नवी इंजेक्शनं मेंदूतल्या याच यंत्रणेवर काम करतात. त्यांपैकी सेमाग्लुटाइडच्या एका मोठ्या चाचणीत औषध थांबवल्यावर वर्षभरात, उतरलेल्या वजनापैकी दोन-तृतीयांश परत आलं.