तळटीपेतला कृष्ण

द्रौपदीने धावा केला आणि कृष्णाने वस्त्रे पुरवली, हे कीर्तनांनी आणि कॅलेंडरांनी आपल्या मनावर इतके ठसवले आहे की मूळ ग्रंथ उघडून पाहायची गरजच वाटत नाही. पण पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने काढलेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीत सभापर्व वाचायला घ्या. तिथे वस्त्रे येत राहतात, पण मुख्य संहितेत धावा नाही. वस्त्रे कुठून आली तेही सांगितलेले नाही.

हे काम १९१९ साली सुरू झाले आणि १९६६ साली पुरे झाले. बाराशेहून अधिक हस्तलिखिते जमवून श्लोकन् श्लोक ताडून पाहिला गेला. नंतरची भर वाटली ती तळटीपांत किंवा परिशिष्टांत गेली. फेकून काही दिले नाही. त्या तळटीपा मला जुन्या वाचकांच्या प्रतिक्रियाच वाटतात. भरल्या सभेत एका बाईची विटंबना चालली आहे आणि थोरमोठे माना खाली घालून बसलेत, हे कुणा नकलकाराला सोसवले नसावे. (पुढे उद्योगपर्वात कृष्ण स्वतःच तिच्या हाकेचे ऋण बोलून दाखवतो आणि ते मात्र मुख्य संहितेत आहे. प्रकरण सरळ नाहीच.)

हीच आवृत्ती हाताशी घेऊन डेक्कन कॉलेजातल्या इरावती कर्वे यांनी ‘युगान्त’ लिहिले. १९६७ सालचे ते पुस्तक गांधारी, कुंती, कर्ण यांच्याकडे निव्वळ माणसे म्हणून पाहते. द्रौपदीलाही बाई सोडत नाहीत. तिने सभेत कायद्याचा कीस काढला ही तिची घोडचूक, असे त्या म्हणतात. मला ते पटत नाही. दुसरे कोणते शस्त्र होते तिच्याजवळ? पण ज्या पोथीला हळदकुंकू वाहायचे, तिच्यातल्या बाईवरून असा वाद घालता येतो, हे मी त्यांच्याकडूनच शिकले.

चमत्काराच्या झगमगाटात द्रौपदीचा प्रश्न झाकोळतो. आधी स्वतःला हरलेल्या माणसाला बायको पणाला लावता येते का? धर्म सूक्ष्म आहे म्हणून भीष्म अंग काढून घेतात. विदुर, विकर्ण बोलतात, पण त्यांचे चालत नाही. शेवटी धृतराष्ट्र अपशकुनांना भिऊन वर देतो आणि पांडव सुटतात. प्रश्नाचा निकाल त्या सभेत कुणीच देत नाही.