बाकावरची वर्षे

अमेरिकेत हायस्कूलच्या संघांतून खेळणारी मुले-मुली सुमारे 80 लाख. त्यांतली एनसीएए या महाविद्यालयीन क्रीडा संघटनेच्या संघांपर्यंत पोचतात ती 5 लाखांहून थोडी अधिक. ही चाळणी सगळ्यांना ठाऊक असते. तिच्यातून पार पडल्यावर आणखी एक लागते, ती घरच्यांना उशिरा कळते. पुरुषांचा बास्केटबॉल सामना 40 मिनिटांचा, कोर्टवर एका संघाचे 5 खेळाडू. म्हणजे कोचकडे वाटायला एकूण 200 मिनिटे. संघ पंधरा जणांचा असला तरी चुरशीच्या सामन्यात आठ-नऊ जणांपलीकडे तो सहसा जात नाही. उरलेले बाकावरून टाळ्या वाजवतात, आणि त्यांतला जवळजवळ प्रत्येक जण वर्षभरापूर्वी आपल्या गावचा हिरो होता.

‘मेहनत कर, संधी मिळेल’ हे या मुलांना पहिल्या दिवसापासून ऐकवले जाते. ते अर्धेच खरे आहे. कोचची नोकरी येत्या शनिवारच्या निकालावर टांगलेली असते. त्यामुळे अठरा वर्षांच्या नवख्याची तुलना बावीस वर्षांच्या जुन्या खेळाडूच्या गुणांशी होत नाही, त्याच्या भरवशाशी होते. नवखा अधिक चपळ असेलही. पण बचावात कुठे उभे राहायचे हे तो ऐन वेळी विसरणार नाही, याची खात्री कोण देणार? कोविडमुळे 2020-21 च्या खेळाडूंना एक जादा वर्ष मिळाले, तेव्हा तेवीस-चोवीस वर्षांचे बाप्ये संघांत राहिले आणि शाळेतून येणाऱ्यांची रांग आणखी लांबली.

वाट पाहणे तिथल्या नियमांतच बसवलेले होते. पाच वर्षांत चार हंगाम खेळायचे; एक वर्ष ‘रेडशर्ट’ म्हणून नुसता सराव करायचा. पुढे अमेरिकन फुटबॉलचा दिग्गज ठरलेला टॉम ब्रेडी 1995 साली मिशिगन विद्यापीठात आला, तीन हंगाम दुसऱ्यांच्या मागे उभा राहिला, विद्यापीठ सोडण्याच्या बेतापर्यंत गेला आणि 1998 मध्ये संघाचा मुख्य क्वार्टरबॅक झाला. ही कथा बाकावरच्या प्रत्येक मुलाला सांगितली जाते. मला ती थोडी लबाड वाटते. तितकीच वाट पाहून पदवी घेऊन मुकाट घरी गेलेल्यांची कथा कोणी सांगत नाही.

जेलन हर्ट्स या दुसऱ्या क्वार्टरबॅकचे उदाहरण जास्त प्रामाणिक आहे. जानेवारी 2018 मध्ये राष्ट्रीय अंतिम सामन्याच्या मध्यंतरालाच अलाबामा विद्यापीठाने त्याला बाकावर बसवले. पुढचा हंगाम तो तिथेच राखीव म्हणून राहिला. डिसेंबरमध्ये त्याची जागा घेतलेला तुआ तागोवायलोआ जखमी झाला, तेव्हा हर्ट्सने उतरून सामना जिंकून दिला. आणि मग तो ओक्लाहोमाला निघून गेला. थांबणेही खरे, जाणेही खरे. हातात पदवी होती म्हणून त्याला तिथे लगेच खेळता आले. पदवी नसलेल्या फुटबॉलपटूला तेव्हा विद्यापीठ बदलल्यावर साधारणपणे एक वर्ष बसावे लागे. कोच मात्र जास्त पगारासाठी हवा तेव्हा जाऊ शके. हा अन्याय होता. तो 2021 पासून दूर होत गेला, हे चांगलेच झाले. त्याला निष्ठेचा ऱ्हास म्हणणाऱ्यांनी कोचच्या निष्ठेचा हिशोबही मांडावा.

पण दार दोन्हीकडून उघडते. खेळाडू जाऊ शकतो, तसा कोचही दुसऱ्या विद्यापीठातून तयार खेळाडू आणू शकतो. मग शाळेतून आलेल्या कच्च्या मुलावर दोन वर्षे खर्चायची कशाला? पूर्वी बाकावर बसलेल्या मुलाला कोच निदान शिकवत तरी असे, कारण पुढच्या वर्षी तोच लागणार होता. आता ती गरज सैल झाली आहे, आणि माझ्या मते खरे नुकसान इथे आहे.

जून 2025 मध्ये मंजूर झालेल्या ‘हाऊस’ खटल्यातल्या तडजोडीने विद्यापीठांना खेळाडूंना थेट पैसे देण्याची मुभा दिली. सोबत, ती स्वीकारणाऱ्या विद्यापीठांच्या संघांना खेळाडूंच्या कमाल संख्येची मर्यादाही आली. फुटबॉलमध्ये 105. त्याआधी शिष्यवृत्ती 85 जणांनाच असे, पण स्वखर्चाने येणारे ‘वॉक-ऑन’ धरून मोठे संघ सव्वाशेच्या घरात जात. आधी संघात असलेल्यांवर कुऱ्हाड पडते म्हणून न्यायाधीश क्लॉडिया विल्केन यांनी मंजुरी अडवून धरली, तेव्हा त्या खेळाडूंना मर्यादेबाहेर ठेवण्याची सवलत निघाली. ती त्या पिढीपुरतीच आहे. यापुढे हायस्कूलमधून येणाऱ्या आणि कुणी न बोलावलेल्या मुलासाठी बाकावरची जागाही मोजून दिलेली असेल.