घर तर आपलंच आहे

मुंबईची नोकरी संपवून मालवणात कायमचं राहायला येऊ पाहणारी माणसं हल्ली बरीच भेटतात. निघण्याआधी ती खर्चाचा अंदाज विचारतात आणि त्या बोलण्यात एक वाक्य हमखास येतं. परवा ओळखीच्या एका गृहस्थांनी ते पुन्हा ऐकवलं, "गाडीचा भाडा सोडला तर खर्च कसलो? घर तर आपलाच आसा." कागदावर पाहिलं तर यात चुकीचं काही नाही. घराच्या उताऱ्यावर त्यांच्या वडलांचं नाव आहे. तरीही ते बोलणं मला टोचत राहिलं, आणि का टोचतंय ते नीट मांडून बघावं असं वाटलं.

गाडीभाड्याचं गणित इकडे सगळ्यांना ठाऊक आहे, म्हणून ते लवकर आटोपते. मुंबई ते मालवण अंतर सुमारे ५०० किलोमीटर. चाळीच्या वरच्या मजल्यावरून सामान उतरवायची हमाली वेगळी आणि इथे उतरवून घ्यायची वेगळी. आयशर हमरस्त्यावर थांबतो, वाडीच्या पाणंदीत शिरत नाही. तिथून पुढे छोटा हत्ती करायचा, नाहीतर डोक्यावरून ओझी न्यायची. आंब्याच्या दिवसांत देवगड-मालवणकडून वाशीच्या बाजारात भरून गेलेल्या गाड्या परतताना भाडं शोधत असतात. अशी परतीची गाडी मिळाली तर दर खाली येतो. मृग लागायच्या आत सामान पोचलेलं बरं. गणपतीचे दिवस टाळावेतच, कारण तेव्हा मुंबई-गोवा महामार्गावर अवजड वाहनांना बंदी असते. कोकण रेल्वे २६ जानेवारी १९९८पासून पूर्ण मार्गावर धावू लागली, पण मालवणला स्टेशन नाही. कुडाळला किंवा कणकवलीला उतरवलेलं सामान पुन्हा गाडीतच चढवावं लागतं. वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस आणि त्यात खारा वारा. प्लायवूडची कपाटं फुगतात, लोखंडी पलंग गंजतो. सागवानी, शिसवी काही असेल ते आणावं, बाकीचं तिथेच विकून टाकावं.

एवढं लिहिलं, अडीअडचणीसाठी थोडी रक्कम बाजूला ठेवली, की अंदाजपत्रक पुरं होतं. हिशोब पैशांचा असतो, नात्यांना त्यात ओढू नये, हा माझा जुना आग्रह आहे आणि तोच धरून मी हे लिहायला घेतलं.

पण घर हलवताना दोन गोष्टी घडतात. कुणीतरी पैसे देतं आणि कुणीतरी भार उचलतं. हमालाच्या बाबतीत दोन्ही समोरासमोर येतात. त्याने कपाट उचललं, आपण पैसे मोजले, व्यवहार फिटला. भार उचलणारा आणि पैसे देणारा यांची कधी गाठच पडली नाही, तर तो भार कुठल्याच वहीत चढत नाही. मालवणात परतणाऱ्याच्या अंदाजपत्रकात नेमकी हीच बाजू कोरी राहते.

कौलारू घर राहत्या हातांवर टिकतं. दर वर्षी मे महिन्यात ते शाकारावं लागतं. गडी छपरावर चढतो आणि ओळीओळीने कौलं खाली देतो. खालचं माणूस ती घासून शेवाळ काढतं, तडा गेलेली बाजूला टाकतं. रिपांवर बोट दाबून वाळवी लागली का ते पाहायचं, पोकळ लागलेली रीप बदलायची, मग कौलावर कौल चढवत आढ्यापर्यंत जायचं. झड येते त्या बाजूला पडवीला चुडतांची झापं बांधायची. गड्याची मजुरी, त्याचा चहा, त्याचं जेवण सांभाळायचं, आणि हे सगळं वळीव कोसळायच्या आत. एक वर्ष हे राहून गेलं की पाणी वाशांत मुरतं, भिंतीवर ओघळ उतरतात आणि घर बसू लागतं.

माझ्या नात्यातली एक वहिनी नवरा गेल्यानंतरही हे काम करत आली आहे. मुंबईच्या दिरांना मेअखेरीस तिचा फोन ठरलेला असतो, "औंदा कौला परतून घेतलंय, पाणी येवचा नाय." किती गडी लावले, मजुरी कुठून काढली, हे ती सांगत नाही आणि तिला कुणी विचारत नाही. मे २०२१मध्ये तौक्ते वादळ या किनाऱ्याला घासून गेलं. करोनामुळे तेव्हा जिल्हाबंदी होती, मुंबईतल्या मालकांना मनात असूनही येणं कठीण होतं. वीज गेलेली आणि पावसाळा तोंडावर. उडालेली कौलं त्या दिवसांत परत चढवली ती त्याच घरांत राहणाऱ्या माणसांनी. ज्या घराला आज 'आपलं' म्हणायचं, ते त्या मे महिन्यात त्यांनी राखलं म्हणून उभं आहे.

इथे थोडं मागे जाते, कारण भार वहीत न चढवण्याची ही सवय जुनी आहे. आगबोटीच्या काळात मालवणचा माणूस वळकटी आणि ट्रंक घेऊन मुंबईला निघायचा. बोट बंदराबाहेर नांगर टाकायची, माणसं पडावातून तिच्यापर्यंत जायची. तिकिटाचे पैसे कसेबसे जमत. मुंबईत संसार थाटण्याइतके जमणं शक्यच नव्हतं. ते निभावलं गिरणगावातल्या गावकऱ्यांच्या खोल्यांवर. एका गावचे पुरुष एका खोलीत पाळ्यांप्रमाणे झोपायचे आणि खाणावळीत जेवायचे. खाणावळी चालवणाऱ्या बायका पगार होईपर्यंत उधारीवर वाढायच्या आणि त्यासाठी स्वतः सावकाराचं कर्ज काढायच्या. प्रेमा पुरव यांनी १९७५मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं ते याच बायकांना बँकेचं कर्ज मिळावं म्हणून. इकडे गावात शेती, म्हातारी माणसं, पोरं आणि छप्पर बघायला बायको किंवा भावजय होतीच. बोटीच्या तिकिटावर झालेलं ते स्थलांतर स्वस्त दिसायचं, कारण त्याचा भार दोन्ही टोकांच्या चुलींनी उचलला होता.

उलटा प्रवासही तसाच झाला. सिंधुदुर्ग जिल्हा १ मे १९८१ला अस्तित्वात आला. त्याला वर्षही झालं नव्हतं तोवर, १८ जानेवारी १९८२ला, दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. कोकणातले कितीतरी जण गावी परतले. त्यांनी कसलं अंदाजपत्रक करायचं होतं? मनीऑर्डर थांबली आणि ती पाठवणारा माणूसच जेवायला घरी आला. गावातल्या घरांनी त्याला सामावून घेतलं. त्या सामावून घेण्याची किंमत कुणी लिहून ठेवली नाही.

हे सगळं मी त्या गृहस्थांपुढे मांडलं. ते म्हणाले, भावकीत हिशोब काढला की नातं संपलं. प्रेमाने केलेल्या कामाला किंमत लावायची म्हणजे आपल्या माणसाला मजूर ठरवायचं. यात तथ्य आहे. वहिनीच्या हातावर शाकारणीचे पैसे ठेवले तर तिचा अपमान होईल, हे मलाही कळतं. पण 'भावकीत हिशोब नको' हे भार उचलणाऱ्याच्या तोंडून मी क्वचितच ऐकलंय. म्हणणारा बहुतेक वेळा तोच असतो ज्याचं देणं थकलंय. सामाईक जमिनीचा तुकडा विकायला निघाला की हीच माणसं गुंठ्याला गुंठा मोजून घेतात. सातबाऱ्यावर हिस्सा मागताना ज्याला हिशोब चालतो, त्याने छपराचा विषय निघाल्यावर प्रेम पुढे करू नये. हे मी त्यांना तोंडावर सांगितलं आणि आजही माझं तेच म्हणणं आहे.

आणि हिशोब मांडला म्हणजे लगेच नोटा मोजून दिल्या असं होत नाही. मांडायचा तो स्वतःला कळावं म्हणून. इतकी वर्षं कौलं कुणी परतली, घरपट्टी कुणी भरली, देवाला दिवा कुणी लावला. आपण राहायला येणार म्हणजे कुणाची तरी जागा जाणार. ज्या खोलीत आपलं कपाट ठेवायचंय तिथे कुणाच्या तरी भाताच्या कणग्या आहेत, त्या कुठे हलवायच्या? हे वहीत लिहिलं की फेडायचे मार्ग सुचतात. पुढची शाकारणी आपल्या नावावर घ्यावी, कुजलेले वासे बदलावेत, कणग्यांसाठी नवी पत्र्याची पडवी काढून द्यावी. यातल्या कशानेही कुणाचा अपमान होत नाही.

नाती हिशोबाबाहेर ठेवावीत हा माझा आग्रह आता टिकत नाही. नात्यांना बाहेर ठेवलं की फायदा नेहमी निघून गेलेल्याचा होतो, राहिलेल्याचा नाही. गावच्या घरी परतायचं तर अंदाजपत्रकातली पहिली ओळ घर राखणाऱ्याची असली पाहिजे. गाडीभाडं त्याच्या खाली.

तेव्हा परतणाऱ्यांना माझं सांगणं एवढंच आहे. गाडी ठरवण्याआधी एका मे महिन्यात नुसतेच या. शाकारणीला घरी थांबा, कौलं खाली उतरवून घ्या. छपराची रक्कम आधी बाजूला काढा आणि उरलेल्या पैशांत जेवढं सामान येईल तेवढंच आणा.