वसईच्या लोकसाहित्याचे संग्रह आणि त्यांचा काळ

लोकगीत नेमके किती जुने आहे, हे सहसा सांगता येत नाही. ते कागदावर कोणी, केव्हा आणि कशासाठी उतरवले, हे मात्र बहुतेक वेळा कळते. म्हणून लोकसाहित्याच्या संग्रहात गाणाऱ्यांइतकाच गोळा करणाऱ्यांचाही इतिहास असतो. वसई परिसरात तो विशेष ठळक दिसतो. १५३४ मध्ये हा मुलूख गुजरातच्या सुलतानाकडून पोर्तुगिजांकडे गेला, १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी तो जिंकला आणि पेशवाई बुडाल्यावर तो इंग्रजांच्या ताब्यात स्थिरावला. येथील लोकांच्या बोलण्या-गाण्याकडे प्रत्येक राजवटीने आपापल्या गरजेतून पाहिले.

या पट्ट्याला लागू पडणारी एक महत्त्वाची जुनी नोंद जपणुकीसाठी झालेलीच नाही. गोव्यात १५६० पासून चाललेल्या इन्क्विझिशन या धर्मन्यायासनाचा अधिकार वसईसह पोर्तुगिजांच्या उत्तर प्रांतावरही होता. या न्यायासनाने १७३६ मध्ये गोव्यातील देशी ख्रिस्ती लोकांसाठी एक मनाईहुकूम काढला. मनाई करायची म्हटल्यावर प्रत्येक प्रथा नाव घेऊन सांगावी लागली: लग्नातल्या ओव्या, हळद लावणे, विडे आणि फुले देणे, दारची तुळस, धोतर, चोळी. या हुकुमातून ओव्यांचे शब्द कळत नाहीत, त्यांचे प्रसंग तेवढे कळतात. तरीही त्या काळच्या ख्रिस्ती घरातला लग्नसोहळा इतक्या तपशिलाने सांगणारे कागद थोडेच आहेत. पुढे तीनच वर्षांत वसई पोर्तुगिजांच्या हातून गेली. येथील ख्रिस्ती समाजाच्या लग्नांत हळद टिकली, ‘उंबराचे पाणी’ टिकले, लग्नगीतेही टिकली. न्यायासनाचा धाक घराच्या उंबऱ्याआत किती पोहोचला, याचे माप यातून मिळते.

एकोणिसाव्या शतकात धाकाची जागा कुतूहलाने आणि कारभाराच्या सोयीने घेतली. मुंबईत वैद्यकी करणारे गोव्याचे विद्वान जे. जर्सन दा कुन्हा यांनी १८७६ मध्ये चौल आणि वसईच्या इतिहासावर ग्रंथ लिहिला. १८८२ मध्ये जेम्स कॅम्पबेल यांच्या संपादनाखाली ठाणे जिल्ह्याचे गॅझेटियर निघाले. त्याच वर्षी पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी सोपाऱ्याजवळची एक टेकडी उकरली आणि आतून बौद्ध स्तूप निघाला. गावकरी त्या टेकडीला ‘बुरूड राजाचा कोट’ म्हणत. स्तूपाची आठवण पुसली गेली होती, पण येथे कोणी मोठा माणूस होऊन गेला, ही जाणीव टोपल्या विणणाऱ्या राजाच्या रूपाने उरली होती. अशोकाच्या शिलालेखाचा तुकडाही तेव्हाच सापडला. विद्वानांचे सगळे लक्ष स्तूपाकडे वळले आणि बुरूड राजाच्या वाट्याला टेकडीच्या नावापुरतीच जागा आली. ही त्या पिढीची निवड होती. दगडात जे सिद्ध होईल ते इतिहास आणि तोंडी चालत आले ते मनोरंजन, अशी तिची धारणा होती.

याच सुमारास समाजाच्या आतून संग्रह करणारे पुढे आले. वसईच्या खाडीपलीकडे साष्टीत राहणाऱ्या जी. एफ. डिपेन्हा यांनी १८८० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून ‘इंडियन अँटिक्वरी’त साष्टीच्या लोककथा क्रमाने छापल्या. १८८७ मध्ये, राणी व्हिक्टोरियाच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षी, ‘बॉम्बे ईस्ट इंडियन असोसिएशन’ स्थापन झाली. मुंबईत नोकऱ्यांसाठी गोव्याचे आणि मंगळुरूचे ख्रिस्ती येत होते. आपण येथले मूळचे, हे या संस्थेमागच्या स्थानिक ख्रिस्ती समाजाला सरकारदरबारी ठसवायचे होते. डिपेन्हांच्या कथांत राजे, राण्या आणि राक्षस आहेत, नोकऱ्यांचा विषय नाही. तरीही त्या नेमक्या याच वर्षांत छापल्या जाव्यात, हा निव्वळ योगायोग मानणे कठीण आहे. जुन्या कथा असणे हाही मूळचे असल्याचा दाखला ठरतो.

सरकारी संग्रहाची पद्धत याच्या उलट होती. संस्कृतचे जाणकार असलेले अधिकारी ए. एम. टी. जॅक्सन यांनी मुंबई इलाख्यातील शाळामास्तरांकडून प्रश्नावली भरून घेतली. डिसेंबर १९०९ मध्ये, जॅक्सन नाशिकचे कलेक्टर असताना, क्रांतिकारक अनंत कान्हेरे यांनी त्यांचा गोळ्या झाडून वध केला. जमलेली सामग्री आर. ई. एन्थोव्हन यांनी लावली आणि कोकणाचा खंड १९१५ मध्ये निघाला. निसर्गशक्ती, रोगांच्या देवता, भुतेखेते, दृष्ट, नागपूजा असे मथळे आधी ठरलेले होते आणि उत्तरे त्यांत बसवली गेली. त्यामुळे कोकणचा माणूस त्या पानांवर सतत घाबरलेला दिसतो. तो शेतात काय गात होता, हे विचारलेच गेले नव्हते. माहिती देणाऱ्याच्या जागी ‘शाळामास्तर’ आणि गावाचे नाव येते. ज्या म्हातारीने मास्तरांना सांगितले तिचे नाव येत नाही. आयर्लंडमध्ये १९३७ ते १९३९ या काळात सुमारे ५,००० शाळांतील मुलांकडून लोकसाहित्य लिहून घेतले गेले. तेथेही शाळाच साधन होती, पण नवे राष्ट्र आपल्याच आजी-आजोबांना विचारत होते.

महाराष्ट्रातही राष्ट्रवादी इतिहासकारांनी परंपरागत कथनांकडे वेगळ्या नजरेने पाहिले. वि. का. राजवाडे यांनी १९२४ मध्ये संपादित केलेल्या ‘महिकावतीच्या बखरी’त उत्तर कोकणातील कुळांच्या परंपरा आहेत आणि तिचा एक भाग शके १३७० मधला, केशवाचार्यांचा आहे. परचक्रानंतर विस्कटलेल्या लोकांना त्यांची कुळे आणि धर्म सांगणे, हा त्या भागाचा हेतू होता. परकी सत्तेखाली राजवाड्यांना तो जवळचा वाटला.

डोंगराकडच्या वारल्यांची नोंद तणावाच्या काळातच झाली. के. जे. सावे यांचे ‘द वारलीज’ १९४५ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी गोदावरी परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली डहाणू-तलासरीचे वारली वेठबिगारीविरुद्ध उठले. परुळेकरांचे ‘जेव्हा माणूस जागा होतो’ हे पुस्तक आले १९७० मध्ये. सावे यांच्या ग्रंथात देव, विधी आणि चालीरीती आहेत. परुळेकरांच्या पुस्तकात त्याच माणसांवरचे कर्ज आणि मार आहे. यांपैकी एकच वाचणाऱ्याला अर्धा वारली भेटतो.

भाषावार राज्याच्या काळात सरोजिनी बाबर यांच्या अध्यक्षतेखालील लोकसाहित्य समितीने ओव्या, गाणी आणि कहाण्यांचे अनेक खंड काढले. साऱ्या मराठी मुलखाचा एक आवाज उभा करण्याची ती धडपड होती आणि तिचे मोल मोठे आहे. पुण्याजवळच्या डोंगराळ गावांत १९८० च्या दशकात गी प्वातवँ आणि हेमा राईरकर यांनी जात्यावरच्या ओव्यांचे काम उभे केले. तेथे ओव्यांचा आकडा एक लाखावर गेला आणि गाणाऱ्या बाईचे नाव-गाव ओवीसोबत लिहिले गेले. स्त्री-चळवळीच्या काळातला हा फरक एन्थोव्हनच्या पानांशेजारी ठेवला की लगेच जाणवतो.

वसईत आजची जपणूक जमिनीच्या प्रश्नाशी जोडलेली आहे. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी ‘सुवार्ता’ मासिकातून लिहिले आणि हरित वसईच्या आंदोलनातही ते उभे राहिले. २००९ मध्ये वसई-विरार महापालिका झाली, तेव्हा तिच्यातून गावे वगळण्यासाठी लोक रस्त्यावर आले. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या १२ लाखांवर होती. वाड्या कमी होत गेल्या तसे सामवेदी अर्थात कादोडी बोलीतले लेखन, लग्नगीतांचे ध्वनिमुद्रण आणि लाल लुगड्याचे कौतुक वाढत गेले. भाषासर्वेक्षक ग्रिअर्सनने आपल्या १९०५ च्या मराठी खंडात हीच बोली एक नमुना म्हणून नोंदवली होती. आता बोलणारेच ती लिहीत आहेत. मात्र समाजाच्या नावाने उभा राहणारा संग्रह शेजाऱ्याचे गाणे सहसा घेत नाही. नालासोपारा-विरारच्या चाळींत घाटावरून, तळकोकणातून आणि उत्तर भारतातून आलेल्या बायकांची गाणीही आता वसईचीच आहेत, आणि ती गाणाऱ्या पहिल्या पिढीतल्या अनेक जणी म्हाताऱ्या झाल्या आहेत.